गाणारा बाहुला : दलेर मेहंदी यांचा दावा आणि प्रसिद्धीचा हक्क

गायकाच्या गाण्याची ध्वनिफीत विकत घेता येते, त्याच्या कार्यक्रमाचे तिकीट विकत घेता येते. परंतु ज्या नावामुळे आणि ज्या चेहऱ्यामुळे ती ध्वनिफीत व ते तिकीट खपते, त्या नावावर आणि चेहऱ्यावर धंदा करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे थेट स्वरूपात फार उशिरा आला. ज्या दाव्यांमुळे तो ऐरणीवर आला त्यांत दिल्ली उच्च न्यायालयातील एका दाव्याला विशेष स्थान आहे. २००२ साली दाखल झालेल्या आणि २९ एप्रिल २०१० रोजी निकाली निघालेल्या या दाव्यात डी. एम. एंटरटेनमेंट ही कंपनी वादी होती, बेबी गिफ्ट हाउस आणि इतर विक्रेते प्रतिवादी होते, आणि वादाचे मूळ एका खेळण्यात होते. पंजाबी पॉप गायक दलेर मेहंदी यांच्यासारखा दिसणारा आणि त्यांच्या गाण्यांच्या ओळी म्हणणारा एक बाहुला बाजारात विकला जात होता, आणि त्याला मेहंदी यांची किंवा त्यांच्या कंपनीची परवानगी नव्हती.

हा वाद दिल्लीतच उभा राहावा हे त्या शहराच्या बाजारपेठांकडे पाहिले असता साहजिक वाटते. दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही पूर्वी विनय नगर या नावाने ओळखली जाणारी सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. पुढे तिला सरोजिनी नायडू यांचे नाव मिळाले, आणि वसाहतीला लागून असलेला बाजार स्वस्त कपड्यांसाठी देशभर प्रसिद्ध झाला. निर्यातीसाठी शिवलेल्या पण शिल्लक राहिलेल्या किंवा किरकोळ दोषामुळे नाकारल्या गेलेल्या कपड्यांना येथे ‘एक्सपोर्ट सरप्लस’ म्हणतात. असा कपडा उलटा करून पाहिला तर मानेजवळची कंपनीची पट्टी पुष्कळदा अर्धी कापलेली किंवा पार उसवून काढलेली दिसते, कारण माल विकला गेला तरी त्याबरोबर मूळ कंपनीचे नाव विकले जाऊ नये. कपड्यावरचे नाव अशा रीतीने कात्रीने वेगळे करता येते. टीशर्टच्या छातीवर एखाद्या गायकाचा चेहराच छापलेला असेल तर मात्र तसे करता येत नाही, कारण तेथे वस्तू आणि ओळख एकजीव झालेली असते. प्रसिद्धीच्या हक्काचा सारा कायदा या अडचणीभोवती विणला गेला आहे.

गाण्यापासून गायकापर्यंत

हिंदी चित्रपटसंगीताच्या जगात पार्श्वगायकाचा आवाज घरोघर पोहोचला तरी पडद्यावर चेहरा नटाचा असे, त्यामुळे गाण्याची लोकप्रियता गायक, नट, संगीतकार आणि निर्माता यांच्यात वाटली जाई. १९९०च्या दशकात उपग्रह दूरचित्रवाहिन्या आल्या, ध्वनिचित्रफितींसाठी स्वतंत्र वाहिन्या सुरू झाल्या, आणि चित्रपटाचा आधार न घेता स्वतःच्या नावाने गाणारा, स्वतःच्या गाण्यात स्वतः दिसणारा गायक घडला. या प्रवाहाला ‘इंडिपॉप’ असे नाव पडले. पाटण्यात जन्मलेले आणि दिल्लीत स्थिरावलेले दलेर मेहंदी हे त्यातील सर्वाधिक लोकप्रिय नावांपैकी एक होते. ‘बोलो ता रा रा’ हा त्यांचा पहिला संग्रह १९९५ मध्ये आला आणि पंजाबी न समजणाऱ्या श्रोत्यांनीही तो उचलून धरला. १९९८ च्या ‘तुनक तुनक तुन’ या गाण्याची ध्वनिचित्रफीत तर या नव्या व्यवस्थेचा जणू नमुनाच होती, कारण सुंदर मॉडेलांच्या नाचामुळे ही गाणी चालतात या टीकेला उत्तर म्हणून तीत दुसरे कोणीच घेतले गेले नाही. वेगवेगळ्या रंगांच्या पगड्या आणि झगे घातलेले चार मेहंदी तंत्राच्या साहाय्याने एकाच वेळी पडद्यावर नाचताना दिसले.

ज्या कलावंताच्या गाण्यात त्याची पगडी, त्याचा झगा, हात उंचावून नाचण्याची ढब आणि त्याचा आवाज हे सारे एकत्र विकले जाते, त्याची मालमत्ता गाण्यापुरती राहत नाही. ती त्याच्या व्यक्तिमत्त्वात साठते. या वस्तुस्थितीची दखल मेहंदी यांच्या व्यवसायाने लवकर घेतली. त्यांच्या वाढत्या कामाची व्यवस्था पाहण्यासाठी १९९६ मध्ये डी. एम. एंटरटेनमेंट ही कंपनी स्थापन झाली आणि आपल्या व्यक्तिमत्त्वाशी निगडित प्रसिद्धीचे हक्क, ‘दलेर मेहंदी’ हे व्यापारचिन्ह आणि त्यामागचा नावलौकिक त्यांनी या कंपनीच्या नावे करून दिला. ‘करून देणे’ याला कायद्याच्या भाषेत अभिहस्तांकन म्हणतात, म्हणजे लेखी दस्ताने आपला हक्क दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. बाहुल्याच्या दाव्यात गायकाऐवजी कंपनी वादी का होती, याचा उलगडा या दस्तात आहे.

दाव्याची मांडणी आणि निकाल

वादी कंपनीने दोन गोष्टींची तक्रार केली. पहिली अशी की, प्रतिवादींनी गायकाच्या रूपाचा विनापरवाना व्यापारी वापर करून त्याच्या प्रसिद्धीच्या हक्काचा भंग केला. दुसरी अशी की, असे खेळणे गायकाच्या संमतीनेच बाजारात आले असावे असा ग्राहकाचा समज होतो, म्हणजे गायकाने न दिलेली शिफारस त्याच्या नावावर चढवली जाते. दुसऱ्या तक्रारीचा पाया इंग्रजी न्यायपरंपरेतून आलेल्या ‘पासिंग ऑफ’ या तत्त्वात आहे. आपला माल दुसऱ्याचा आहे किंवा दुसऱ्याच्या मान्यतेचा आहे असे भासवून खपवणे, असा त्याचा साधा अर्थ. हे तत्त्व लागू होण्यासाठी तीन बाबी सिद्ध कराव्या लागतात : वादीचा बाजारात नावलौकिक आहे, प्रतिवादीच्या कृतीने ग्राहकाची दिशाभूल होते, आणि त्या दिशाभुलीमुळे वादीचे नुकसान झाले आहे किंवा होण्याचा संभव आहे.

दोन तक्रारींमधील फरक बारीक असला तरी महत्त्वाचा आहे. पासिंग ऑफच्या केंद्रस्थानी फसवला जाणारा ग्राहक असतो, तर प्रसिद्धीच्या हक्काच्या केंद्रस्थानी ती व्यक्ती असते जिची ओळख वापरली गेली. बाहुला विकत घेणाऱ्या आईबापांना तो मेहंदी यांनी बनवलेला नाही हे पक्के ठाऊक असले, तरी गायकाची ओळख विकली गेलेलीच असते. दिल्ली उच्च न्यायालयाने हा दुसरा विचार उघडपणे स्वीकारला. आपली ओळख व्यापारासाठी कोणी, केव्हा आणि कशी वापरावी यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार म्हणजे प्रसिद्धीचा हक्क, असे न्यायालयाने मानले. वापरलेल्या रूपावरून ती व्यक्ती सहज ओळखता येणे हा भंगाचा गाभा असल्याचे सांगितले. आणि प्रतिवादींविरुद्ध कायमचा मनाई हुकूम दिला. नुकसानभरपाई म्हणून १ लाख रुपयांची रक्कम ठरवण्यात आली, आणि तीही लाक्षणिक, म्हणजे नुकसानीचा हिशेब म्हणून नव्हे तर हक्काचा भंग झाल्याची खूण म्हणून. खेळण्यांच्या धंद्यातून कोणाला किती मिळाले यापेक्षा ओळख कोणाची, हे न्यायालयाने ठरवून दिले, हे या दाव्याचे खरे फलित आहे.

एका बाहुल्यातील अनेक हक्क

हा बाहुला गाणारा होता, ही गोष्ट अभ्यासकाने दुर्लक्षून चालत नाही, कारण एका छोट्या यंत्रातून वाजणाऱ्या दोन ओळींमध्ये कायद्याचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात. गाण्याचे शब्द ही वाङ्मयीन कृती, आणि तिचा स्वामित्व हक्क मुळात कवीचा. चाल ही सांगीतिक कृती, आणि तिचा हक्क संगीतकाराचा. ध्वनिमुद्रण ही या दोहोंपासून स्वतंत्र कृती, आणि तिचा हक्क सहसा ते मुद्रण करवून घेणाऱ्या कंपनीचा. स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ प्रमाणे कवी आणि संगीतकार यांच्या कृतींचे संरक्षण त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते, तर ध्वनिमुद्रणाचे संरक्षण ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षे टिकते.

या यादीत गायक कोठेच दिसत नाही, आणि मूळ कायद्यातील ही उणीव दीर्घकाळ तशीच राहिली. १९९४ च्या दुरुस्तीने तिची दखल घेतली आणि सादरकर्त्याला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी भक्कम केला आणि त्यात नैतिक हक्काची भर घातली. नैतिक हक्क म्हणजे सादरकर्ता म्हणून आपले नाव लावले जावे आणि सादरीकरणाची आपल्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड होऊ नये, असा आग्रह धरण्याचा हक्क. तरीही हे सारे हक्क प्रत्यक्ष घडलेल्या सादरीकरणाला चिकटलेले आहेत. गायकाने कधी न गायलेले गाणे दुसऱ्याने त्याच्या आवाजात गायले, किंवा गायकासारखा दिसणारा पुतळा कोणी ओतला, तर स्वामित्व हक्काच्या कायद्यातील यांपैकी कोणतेही कलम नेमके लागू पडत नाही. व्यापारचिन्हाचा कायदा नावाला थोडा आश्रय देतो. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे हयात व्यक्तीशी किंवा गेल्या २० वर्षांत मृत्यू पावलेल्या व्यक्तीशी खोटा संबंध सुचवणाऱ्या चिन्हाच्या नोंदणीसाठी निबंधक त्या व्यक्तीची किंवा तिच्या वारसांची लेखी संमती मागू शकतो. पण नोंदणी न करताच माल विकणाऱ्याला ही अट अडवत नाही. मधली ही मोकळी जागा प्रसिद्धीच्या हक्काने भरून काढली आहे, आणि भारतात तो हक्क कोणत्याही एका अधिनियमात लिहिलेला नसून न्यायनिर्णयांतून घडत गेला आहे.

कल्पनेचा प्रवास

या हक्काची जन्मकथा अमेरिकेत सुरू होते. सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या विधिज्ञांनी १८९० मध्ये खासगीपणाच्या हक्काची मांडणी केली. वृत्तपत्रे आणि छायाचित्रण यांच्या वाढत्या आक्रमणापुढे माणसाला एकटे राहू दिले पाहिजे, हा तिचा आशय होता. परंतु प्रसिद्ध व्यक्तींची अडचण वेगळी होती. त्यांना एकांत नको होता. आपल्या प्रसिद्धीचे मोल दुसऱ्याने परस्पर उचलू नये एवढेच हवे होते. १९५३ मध्ये च्युइंगगम विकणाऱ्या दोन कंपन्यांमध्ये बेसबॉल खेळाडूंच्या छायाचित्रांवरून झालेल्या वादात न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी या हिताला ‘प्रसिद्धीचा हक्क’ हे स्वतंत्र नाव दिले.

भारतात हा विचार राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कामार्गे आला, आणि या वेगळ्या वाटेचा परिणाम त्याच्या स्वरूपावर झाला. तमिळ नियतकालिक ‘नक्कीरन’ याच्याशी संबंधित आर. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली खासगीपणाच्या हक्काचे विवेचन केले आणि एखाद्याचे नाव किंवा रूप त्याच्या संमतीविना वापरणे हा त्या हक्काचा एक भंग असल्याचे नमूद केले. २००३ मध्ये क्रिकेट विश्वचषकाशी संबंधित एका दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसिद्धीचा हक्क माणसाला असतो, स्पर्धेला किंवा संघटनेला नसतो. त्यानंतर २०१० मध्ये बाहुल्याचा निकाल आला. २०१२ मध्ये अमिताभ आणि जया बच्चन यांच्या छायाचित्राचा एका सराफाने जाहिरातीत केलेला वापर न्यायालयापुढे आला, तेव्हा भंग ठरवण्यासाठी हक्क अस्तित्वात असणे आणि व्यक्ती ओळखू येणे या दोन कसोट्या नीट मांडल्या गेल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले, आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात नाव आणि प्रतिमा यांचा संमतीविना व्यापारी वापर रोखण्याचा अधिकार याच हक्काच्या कक्षेत घेतला. त्यामुळे भारतात प्रसिद्धीचा हक्क एका अंगाने मालमत्ता आहे आणि दुसऱ्या अंगाने प्रतिष्ठा आहे, आणि कोणत्या अंगाला अधिक वजन द्यायचे यावर त्याचे भवितव्य अवलंबून आहे.

टीशर्टवरचा चेहरा

हा हक्क न मानणारा देश तोच प्रश्न कसा सोडवतो, हे पाहण्यासाठी लंडनमधील एक वाद उपयोगी पडतो. पॉप गायिका रिहाना २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये एका ध्वनिचित्रफितीचे चित्रीकरण करीत असताना एका स्वतंत्र छायाचित्रकाराने तिचे छायाचित्र टिपले; टॉपशॉप या दुकानसाखळीने त्या छायाचित्रकाराची रीतसर परवानगी घेऊन ते टीशर्टवर छापले. छायाचित्राचा स्वामित्व हक्क छायाचित्रकाराचा असल्याने त्या बाजूने कंपनी निर्दोष होती, आणि इंग्लंडच्या कायद्यात स्वतःच्या प्रतिमेवर सरसकट हक्क मान्य नसल्याने चेहरा वापरल्याबद्दलही तिला दोष देता येत नव्हता. रिहानाने २०१३ मध्ये दावा जिंकला आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही तो उचलून धरला तो पासिंग ऑफच्या आधारावर. ते विशिष्ट छायाचित्र तिच्या संग्रहाच्या प्रसिद्धीशी जुळणारे होते, तिचे त्या दुकानाशी आधी जाहीर संबंध आले होते, आणि त्यामुळे तिच्या चाहत्यांचा एक भाग हा टीशर्ट तिच्या मान्यतेचा आहे असे समजून घेईल, असे न्यायालयाला आढळले.

हाच तर्क सरोजिनी नगरच्या पटरीवर, म्हणजे पदपथावरच्या विक्रीच्या जागेत आणून ठेवला तर त्याची मर्यादा लगेच लक्षात येते. भावात घासाघीस करून घेतलेला टीशर्ट जगप्रसिद्ध गायकाने स्वतः मान्य केलेला आहे, असे तेथील ग्राहक मानत नाही. त्याला चेहरा हवा असतो, मान्यतेची हमी नको असते. दिशाभूल हाच एक आधार धरला तर अशा विक्रीविरुद्ध गायकाच्या हाती फारसे काही उरणार नाही. प्रसिद्धीचा हक्क मानणाऱ्या दिल्लीच्या न्यायालयात मात्र ग्राहक फसला का, हे विचारावेच लागत नाही.

हक्क मान्य होणे आणि तो बाजारात बजावला जाणे यांत मात्र अंतर असते. पटरीवरच्या विक्रेत्याकडे पावती नसते, माल कोणाकडून आला हे तो सांगत नाही किंवा त्यालाही नेमके माहीत नसते, आणि आज दिसलेला गठ्ठा उद्या तेथे नसतो. अशा परिस्थितीसाठी न्यायालये अज्ञात प्रतिवादींविरुद्ध हुकूम देतात. इंग्रजी परंपरेत अशा अज्ञात माणसाला ‘जॉन डो’ म्हणतात. दिल्लीच्या न्यायव्यवहारात त्याचे भारतीय नाव ‘अशोक कुमार’ असे पडले आहे. त्यासोबत न्यायालय पुष्कळदा स्थानिक आयुक्त नेमते. सहसा वकील असलेला हा आयुक्त हुकुमाची प्रत घेऊन दुकानात जातो, मालाची मोजदाद करून यादी करतो, माल गठ्ठ्यांत बांधून मोहोरबंद करतो आणि न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर तो विक्रेत्याच्याच ताब्यात देतो. या व्यवस्थेत कायद्याचा हात सर्वांत आधी पोहोचतो तो साखळीतील शेवटच्या माणसापर्यंत. चेहऱ्याची छपाई करणारा कारखानदार आणि घाऊक व्यापारी त्यामानाने दूर राहतात. हक्काची बजावणी न्याय्य व्हायची असेल तर चौकशीची दिशा पटरीकडून कारखान्याकडे वळली पाहिजे, कारण ओळखीचे खरे मोल तेथे कमावले जाते.

हक्काची हद्द

बाहुल्याच्या निकालाचे मोठेपण एवढ्यावर संपत नाही, कारण हक्क मान्य करतानाच न्यायालयाने त्याची हद्द आखून दिली. प्रसिद्ध व्यक्तींच्या हक्काला अवाजवी महत्त्व दिल्यास अभिव्यक्तिस्वातंत्र्य गारठून जाईल, हे ओळखून व्यंगचित्र, विडंबन आणि टर उडवणारे लेखन यांना न्यायालयाने भंगाच्या कक्षेबाहेर ठेवले. याच विचाराला धरून २०२३ मध्ये खेळाडूंच्या डिजिटल कार्डांविषयीच्या एका वादात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, प्रसिद्ध व्यक्तींविषयीची जी माहिती सर्वांसाठी खुली आहे तिच्यावर त्यांची मक्तेदारी चालत नाही, आणि बातमी, उपरोध, कला व संशोधन यांसाठी होणारा वापर मोकळा राहिला पाहिजे.

या हद्दीचा अर्थ मेहंदी यांच्याच दुसऱ्या प्रकरणातून समजून घेता येतो. कलापथकाच्या नावाखाली लोकांना बेकायदा परदेशी नेल्याच्या आरोपावरून पंजाबात २००३ मध्ये त्यांच्यावर आणि त्यांच्या भावावर गुन्हा नोंदवला गेला; मार्च २०१८ मध्ये पतियाळाच्या न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली, जुलै २०२२ मध्ये सत्र न्यायालयाने ती कायम केली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ती निलंबित केली, म्हणजे वरचा निर्णय होईपर्यंत तिची अंमलबजावणी थांबवली; दोष आहे की नाही याचा तो निवाडा नव्हता. न्यायालयीन अभिलेखात नोंद असलेल्या अशा घटना लिहिण्यास संबंधित व्यक्तीची संमती लागत नाही, हे राजगोपाल निकालाने १९९४ मध्येच ठरवले होते. बाहुल्यावर गायकाचा अधिकार चालतो, त्याच्याविषयीच्या खऱ्या वृत्तांतावर चालत नाही.

अनुकरणाच्या बाबतीतही असाच विवेक लागतो. बालगंधर्वांच्या नेसण्याची, अलंकारांची आणि केसांत माळलेल्या गजऱ्याची नक्कल महाराष्ट्रातील घरोघरच्या स्त्रियांनी केली; त्यांची गायकी पुढच्या पिढ्यांनी आपल्या गळ्यावर चढवली. कलेची परंपरा अशा अनुकरणानेच पुढे जाते, आणि उद्या कोणी मेहंदी यांच्यासारखी पगडी बांधून लग्नाच्या वरातीत नाचले तर त्यात कोणाच्याही हक्काला धक्का लागत नाही. धक्का लागतो तो त्या ओळखीचे दुकान मांडले जाते तेव्हा.

आवाजाची चोरी

चेहऱ्याप्रमाणे आवाजही ओळख असतो, हे अमेरिकेतील एका निकालाने १९८८ मध्ये मान्य केले. फोर्ड कंपनीच्या मोटारीच्या जाहिरातीसाठी गायिका बेट मिडलर हिने गाण्यास नकार दिला, तेव्हा जाहिरात संस्थेने गाण्याचा परवाना रीतसर मिळवला आणि मिडलरच्या साथीला गाणाऱ्या एका गायिकेकडून हुबेहूब तिच्या आवाजात ते गाऊन घेतले. स्वामित्व हक्काचा भंग कोठेच नव्हता. तरीही अपील न्यायालयाने ठरवले की ख्यातनाम गायिकेचा वैशिष्ट्यपूर्ण आवाज मालाच्या विक्रीसाठी हेतुपुरस्सर उचलणे हा तिच्या ओळखीचा अपहार आहे. पुढे ज्यूरीने तिला ४ लाख डॉलरची भरपाई दिली.

त्या काळी नक्कल करायलाही एक तयार गळा लागत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेने ही अट काढून टाकली. गायकाची ध्वनिमुद्रणे संगणकाला पुरवली की तो त्यांतील स्वरांची फेक, श्वासाच्या जागा आणि उच्चारांची लकब यांचा नमुना तयार करतो आणि कोणाच्याही आवाजातील गाणे त्या गायकाच्या आवाजात बदलून देतो. या तंत्राविरुद्ध गायक अरिजित सिंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने दिलेल्या अंतरिम हुकुमात, म्हणजे दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशात, संमतीविना कलावंताचा आवाज हुबेहूब घडवून देणारी साधने पुरवणे हाही व्यक्तिमत्त्व हक्काचा भंग असल्याचे मत नोंदवले. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या दाव्यातही त्याच न्यायालयाने त्यांच्या आवाजाच्या कृत्रिम प्रतिकृती आणि त्यांची छबी छापलेल्या वस्तूंची विक्री यांविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. मराठी श्रोत्याला या दाव्याचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भावगीत, लावणी आणि गझल यांत तोच गळा वेगवेगळा होऊन उमटतो, आणि त्या प्रत्येक वळणामागे दशकांची मेहनत असते; ती मेहनत क्षणात उतरवून घेणारे यंत्र केवळ ध्वनी उचलत नाही, आयुष्याची कमाई उचलते. २००२ मधला बाहुला दोन ओळी म्हणून थांबत असे; आजचा यांत्रिक बाहुला गायकाने कधी न म्हटलेली हजारो गाणी म्हणू शकतो.

अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०२४ मध्ये आवाजाला स्पष्ट संरक्षण देणारा कायदा केला आणि त्याला एल्व्हिस प्रेस्ली यांच्या नावाची आठवण देणारे ‘एल्व्हिस’ हे लघुनाम दिले. मृत्यूनंतर हा हक्क वारसांकडे जातो का, या प्रश्नाचे उत्तर तेथे कायद्यात लिहिलेले आहे. भारतात मात्र २०२३ मध्ये अभिनेते सुशांत सिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात असे मत दिले. दिवंगत गायकाचा आवाज जिवंत करता येऊ लागला असताना हे उत्तर पुरेसे आहे का, याचा विचार संसदेला करावा लागेल.

कायदा कोणासाठी

आजवर हा हक्क मिळवणाऱ्यांची नावे पाहिली की एक त्रुटी ठळकपणे दिसते : उच्च न्यायालयात दावा लावण्याची ऐपत असलेले तारांकित कलावंतच तेथपर्यंत पोहोचले आहेत. प्रसिद्धीचा हक्क ही फक्त किमती मालमत्ता मानली तर ते साहजिकच आहे, कारण ज्याच्या नावाला बाजारभाव नाही त्याचे नुकसान मोजायचे कसे, असा प्रश्न उभा राहतो. पण हाच हक्क प्रतिष्ठेचा मानला तर जत्रेत गाणारी तमाशा कलावंत, गोंधळी, किंवा दिल्लीतल्या गणेशोत्सवात अभंग म्हणणारा हौशी गायक यांच्या आवाजालाही तेच संरक्षण द्यावे लागते, कारण संमतीविना आवाज उचलला जाण्याचा अपमान प्रसिद्धीच्या प्रमाणात कमीजास्त होत नाही. मेहंदी यांच्या दाव्यातील १ लाखाची लाक्षणिक रक्कमही भंगाचे गांभीर्य रुपयांत तोलले जात नाही, हेच सांगते.

यासाठी नवे तत्त्व शोधण्याची गरज नाही. स्वामित्व हक्क अधिनियमात ‘सादरकर्ता’ या शब्दाची जी व्याख्या आहे तीत गायक, वादक, नट आणि नर्तक यांच्या बरोबरीने कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांचीही नावे घेतलेली आहेत. सादरीकरणाचे रक्षण करताना संसदेने लाखोंच्या सभेपुढे गाणारा पॉप गायक आणि चौकात पुंगी वाजवणारा गारुडी यांना एकाच ओळीत उभे केले. ओळखीचे रक्षण करणारा कायदा जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्याने व्यंगचित्रकाराला आणि वार्ताहराला मोकळे सोडावे, छपाईच्या कारखान्याला आणि यंत्रचालकाला जबाबदार धरावे, आणि त्या जुन्या व्याख्येतील ओळ तशीच आपल्यात घ्यावी.